खरचुडीचा मुद्देमाल

ती घटना आजही आठवते, कारण त्या गुन्ह्यातला मुद्देमाल जिवंत होता.

अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागात मी एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातल्या एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. "सायब, गडाच्या पायथ्याला एक मोटारसायकलवाला हाय. पोत्यात कंद भरून चाललाय." आता कंदमुळांसाठीही नाकाबंदी, असं मनात म्हणत मी ती केली. पोत्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तेवीस कंद निघाले.

बोलावून घेतलेल्या वनरक्षकाने ते पाहताच कपाळाला हात लावला. "साहेब, ही कंदील खरचुडी. आपल्या सह्याद्रीतच उगवते, तीही मोजक्या कड्यांवर." त्याने मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवला. फूल थेट कंदिलासारखं. आत शिरलेली माशी फुलाच्या नळीतल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते. म्हणजे एक दिवस कोठडी, मग जामीन. मला ते फूल भलतंच आवडलं.

वनरक्षकाच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल केला. आरोपी मात्र ढिम्म. "आमी हितलीच मानसं. खायला नेतोय." खोटंही म्हणता येईना, कारण गुराखी हे कंद खातातच. पोलीस ओरडला की माणूस मिटतो, हा माझा अनुभव. म्हणून आवाज न चढवता मी वस्तीवरच्या एका ठाकर बाईंना बोलावलं. त्यांची हयात त्याच कड्यावर शेळ्या चारण्यात गेली होती. त्यांना सगळे मावशी म्हणत.

मावशींनी कंद चाचपले आणि आरोपीकडे पाहिलं. "खायला नेतूस? मंग हे बोराएवढं कशापायी उपाटलं? आमी मोठा खातो, बारक्याला हात लावीत न्हाई. आन खायच्या कंदाला पानी पाजत्यात व्हय रं?"

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने शहरातल्या गिऱ्हाइकाचं नाव बाहेर पडलं. कंद कुंडीत लावून विकायचे होते.

मी खुशीत होतो. हवालदाराने कंद कापडात शिवले, लाखेचं सील मारलं आणि कपाटात ठेवले. मावशी दारातून हलेनात.

"सायब, ते कंद कवा देनार?"

"निकाल लागला की."

"तवर कुजत्याल की! चोरानं तरी वल्यात ठिवलं हुतं."

हे मला चांगलंच झोंबलं. त्याच दुपारी न्यायालयात अर्ज केला. नमुन्यापुरते दोन कंद ठेवून बाकीचे पुन्हा लावायची परवानगी मिळाली. चोराने उकरलेल्या कपारी मावशींनी एकेक शोधून त्यांत एकवीस कंद लावले.

पुढे शिक्षा झाली. न्यायालयात नमुन्याचं पाकीट उघडलं, तेव्हा आतल्या दोन कंदांच्या खारका झाल्या होत्या. नियमाने वागल्याचं समाधान मला तेव्हा होतं.

निवृत्तीनंतर एका श्रावणात कड्यावर गेलो. फुलं आली होती. मावशींनी मला हौसेने सगळीकडे फिरवलं आणि दोन रिकाम्या कपारींपाशी थांबल्या. "ह्यातलं दोन कंद तुमच्याकडं हायत न्हवं?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून कबुली घेतली, त्या दिवशी स्वतः दिली. "वाळले, मावशी."

मी ओशाळून कपारीत माती लोटू लागलो, तर त्यांनी हात धरला. "मोकळ्याच ऱ्हाऊ द्या. बी वाऱ्यानं उडत येतंय."

पुरावा जपणं म्हणजे वस्तू जपणं नव्हे, हे मी त्या बाईंकडून शिकलो. दर श्रावणात त्या दोन कपारी बघायला जातो. अजून रिकाम्याच आहेत.