दिनकररावांची राखून ठेवलेली टाळी

बोरीच्या दिनकररावांना क्रिकेट कळत होतं, राजकारणही कळत होतं. दोन्ही एकत्र आलं की मात्र त्यांची मती गुंग व्हायची. गडी मार्तंडभाऊंच्या गटाचा. किती गटाचा म्हणाल, तर टीव्हीवर भारताची मॅच लागली तरी आधी विचारायचा, "भाऊ कुणाकडून हायेत?" आता भारताच्या मॅचला भाऊ कुणाकडून असणार, कप्पाळ! पण विचारल्याबिगर त्यांना चैन पडत नसे. विरोधी गटाच्या सूर्यभानअण्णांचा फोटो लावलेल्या हॉटेलात त्यांनी चहा सोडला होता, आणि गावातला बरा चहा नेमका तिथेच मिळायचा.

त्या शनिवारी लेक राजेश्री आणि जावई आदिनाथ परभणीहून दोन दिवस निवांत राहायला आले. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. आदिनाथ बँकेत कारकून, गरीब स्वभावाचा, सासऱ्यापुढे पाय जुळवून बसणारा. सासरे तोंड उघडलं की भाऊंचं पुराण लावायचे आणि हा बिचारा नुसती मान हलवायचा. दोघांचं काही जमेना, याचाच राजेश्रीला घोर लागलेला.

रविवारी गावात ग्रामपंचायत चषकाची फायनल होती. एकीकडे भाऊंचा संघ, दुसरीकडे अण्णांचा. प्रत्येक खेळाडूच्या टी-शर्टवर, पाठीवर, आपापल्या नेत्याचा हसरा फोटो. दिनकररावांच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, डबाभर धपाटे, दही आणि ठेचा घेतला आणि सगळं घर मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसलं. ऊन छान होतं, मंडळी खुशीत होती. तेवढ्यात अण्णांच्या संघातल्या एकाचा पाय मुरगळला.

कुणीतरी ओरडलं, "आरं, ते परभणीचे पाव्हणे बँकेच्या टीमकडून खेळतेत की!" झालं. गावानं आपल्याला आपलं मानलं म्हणून आदिनाथ इतका हरखला, की टी-शर्ट कुणाचा हे न बघताच घालून आला. तो वळला आणि त्याच्या पाठीवरून अण्णा दिनकररावांकडे बघून हसले.

"जावईबापू, हे काय घातलंत?"

"टी-शर्ट, मामा. जरा सैल होतोय."

दिनकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. जावयाला मैदानातून उठवावं तर जावई रुसणार, न उठवावं तर समोर स्टेजवर साक्षात भाऊ बसलेले. राजेश्री हळूच त्यांच्याजवळ सरकली. "अप्पा, ते चांगलं खेळले तर एक टाळी वाजवा. बाकी काय नको. त्यांचं सारं ध्यान तुमच्याकडंच असतंय."

"बाई, पाठीवर अण्णा हायेत गं."

"पाठीवर हायेत ना? मग तुमी तोंडाकडं बघून वाजवा."

आदिनाथ खेळायला आला आणि काय सांगू, गड्यानं नुसता धुमाकूळ घातला! दर फटक्याला तो सतरंजीकडे बघायचा. दिनकररावांनी दोन्ही हातांत एकेक धपाटा धरून ठेवला होता. राजेश्रीनं डोळे वटारले की म्हणायचे, "हात उष्टे हायेत." एक धपाटा संपला की लगेच दुसरा घ्यायचे. पोट तट्ट फुगलं, पण निष्ठा ढळली नाही.

शेवटच्या बॉलला अण्णांच्या संघाला सिक्सर पाहिजे होता. आदिनाथनं बॅट फिरवली आणि बॉल बाभळीच्या पार गेला. प्रभावतीबाई पदर सावरायचं सोडून उभ्या राहून ओरडल्या, "मारला! माझ्या जावयानं मारला!" दिनकररावांचे हात आपोआप वर गेले. तेवढ्यात भाऊंची नजर इकडे वळली. वर गेलेल्या हातांनी दिनकररावांनी टोपी नीट केली.

आदिनाथनं ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. राजेश्री अप्पांकडे न बघता डबा आवरायला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं दिनकररावांना वाटलं.

मग बक्षीस समारंभ. भाऊंनी माइक घेतला. "गावकऱ्यांनो, आजपासून मी आणि अण्णा एक झालोत! वरून निरोप आलाय. आमच्या मनात तसं कधी काय नव्हतंच!" अण्णांनी भाऊंना पेढा भरवला. भाऊंनी अण्णांना मिठी मारली. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आँ?" दिनकरराव म्हणाले. "मग मी सकाळपासून धपाटे कशाला खायलोय?"

शेजारचा सिताराम म्हणाला, "दिनकरराव, वाजवा की टाळ्या! भाऊ बघायलेत."

"बघू दे," म्हणून दिनकरराव ताडकन उठले आणि तडक घराकडे निघाले.

समारंभाला न थांबता आदिनाथ आधीच घरी येऊन अंगणातल्या पायरीवर बसला होता. मागोमाग मायलेकीही आल्या. दिनकररावांनी कोपऱ्यातली जुनी बॅट आणून त्याच्या हातात दिली. "उठा जावईबापू. तो मघाचा सिक्सर परत मारा."

"आता? मामा, हा शर्ट काढू का?"

"राहू द्या. शर्टाला कोण बघायलंय?"

दिनकररावांचा खांदा जुन्या दुखण्यानं आखडलेला, त्यांना बॉल टाकता येईना, म्हणून ते काम प्रभावतीबाईंवर आलं. त्यांनी पदर खोचला आणि खालून अलगद बॉल टाकला. आदिनाथनं डोळे मिटून जीव खाऊन बॅट फिरवली. बॉल बॅटखालून गेला आणि मागे स्टंप म्हणून ठेवलेली बादली धाडकन आडवी झाली.

दिनकररावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तळहात लाल झाले तरी थांबेनात. शेजारची पार्वतीबाई काय झालं म्हणून कुंपणावरून डोकावली.

"अप्पा, आउट झालेत ते!" राजेश्री हसता हसता डोळे पुसायला लागली.

"होऊ दे," दिनकरराव टाळ्या वाजवतच म्हणाले. "लय भारी खेळतेत."