आमच्या ओसरीवर बसलेले अप्पा

परवा मी आत्याला घेऊन आमच्या मूळ गावी, तामलवाडीला गेले होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आता नव्वदीकडं झुकलीये, मुलाकडं धाराशिवला असते. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, पण ती ऐकेना... "एकदा मला तिकडं ने," एवढंच धरून बसली.

वाटेत तिनं जे सांगितलं ते लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले होते. सलग मात्र परवाच ऐकलं.

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. तामलवाडीत तेव्हा एक साधू येऊन राहिले होते. साधू म्हणायचं आपलं... भगवे कपडे नाहीत, मठ नाही, शिष्य नाहीत. कानडी मुलखातले, काशीला बरीच वर्षं शास्त्रं शिकलेले आणि मग ते सगळं सोडून पायी फिरणारे. महादेवाच्या देवळात राहायचे. गाव त्यांना अप्पा म्हणायचं.

लोक मंत्र मागायला जायचे, अप्पा द्यायचे नाहीत. एकदा कुणीतरी विचारलं, "अप्पा, मोक्ष म्हंजी काय वो?" तर म्हणाले, "दुसऱ्याच्या जागेवर बसता आलं की झालं." बस, इतकंच. लोकांना ते काही फारसं पटलं नाही...

माझे वडील तेव्हा ऐन तरुण. गावात तिरंगा लावला म्हणून निजामाचे पोलीस त्यांना धरून घेऊन गेले. कुठल्या तुरुंगात आहेत, आहेत की नाहीत, काहीच कळेना. आत्या परकर-पोलक्यातली पोर. आई लहानपणीच गेलेली, या भावानंच तिची वेणीफणी केलेली. ती रोज संध्याकाळी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची.

सगळे समजूत घालायचे, येईल गं, आज नाही तर उद्या येईल. एकटे अप्पा तसं म्हणाले नाहीत. "दादा येतोय का न्हाय?" असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले, "मला ठाऊक न्हाय, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण... आणि तिच्याशेजारी मातीतच बसले. मग रोजच येऊन बसायला लागले.

एकदा तिला फार रडू आलं. तेव्हा म्हणाले, "ही ओढ काढून टाकायच्या मागं लागू नको. दादा आत्ता तुझ्याजवळ हाय तो हिच्यातच हाय."

पुढं रझाकारांची धास्ती वाढली. आसपासची माणसं पोरंबाळं घेऊन सोलापूरच्या बाजूला जायला लागली, तिकडं निजामाची हद्द संपायची. आजोबांनीही बैलगाडी जुंपली. आत्या काही गाडीत चढेना. दादा आला आणि घरात कुणीच नसलं तर?

अप्पा तिथंच उभे होते. म्हणाले, "तू जा. तुझ्या जागेवर मी बसतो."

आणि खरंच देऊळ सोडून ते आमच्या ओसरीवर येऊन राहिले. गाव जवळजवळ रिकामं, कधी काय होईल सांगता येत नाही... त्यांना कुणीतरी सोबत चला म्हटलंही असेल. पण ते गेले नाहीत.

निजामाचं राज्य गेलं. तुरुंगातली माणसं सुटली. माझे वडील अंगात ताप घेऊन गावात आले, तर गल्लीतल्या घरांना कुलपं. फक्त आमच्या घरातून धूर निघत होता. आत अप्पा भाकरी थापत होते.

अप्पांनी त्यांना खाऊ घातलं, घरचे सोलापुरात सुखरूप आहेत म्हणून सांगितलं. ताप उतरेपर्यंत उशाशी बसले. बाकीचे परतायच्या आदल्या दिवशी मात्र घोंगडी खांद्यावर टाकून निघाले. "तंगीला सांग, जागा रिकामी ठेवली न्हाय," इतकाच निरोप.

आत्या गाडीतून उतरली, भावाच्या गळ्यात पडून रडली. डोळे पुसले आणि पहिलं काय विचारलं तर, "अप्पा कुठायत?"

ते पुन्हा कधीच आले नाहीत.

तिचं लग्न कळंबला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं झालं. आडतीवर कुणी कानडी बोलणारा आला की ती दाराआडून विचारायची, असे असे अप्पा कुठं पाहिलेत का. एकदा कुणी खूण सांगितली म्हणून काका, म्हणजे तिचे यजमान, तिला पार विजापूरकडच्या एका मठात घेऊन गेले. तिथले अप्पा वेगळेच निघाले.

परवा तामलवाडीत तिची ती जागा काही सापडली नाही. आता मोठा हायवे झालाय, ट्रक धडधडत जातात. एका चहाच्या हॉटेलवाल्यानं खुर्ची दिली, ती रस्त्याकडं तोंड करून बसली.

बराच वेळ झाल्यावर माझ्यानं राहवेना. म्हटलं, "आत्या, एवढ्या वर्षांनी कुणाची वाट बघायची? ते कधीच गेले असतील."

"गेलेच असत्याल की. म्या काय येडी हाय व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "पर हितं असं बसलं की शेजारी बसल्यागत वाटतंय. तेवढं बी सोडू व्हय?"

दुसरी खुर्ची ओढून मी तिच्याजवळ बसले. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मीही त्यांना दादाच म्हणायचे. लोक म्हणतात, मीही स्वतःला म्हणते, आता सावरायला हवं... परवा त्या रस्त्याच्या कडेला पहिल्यांदाच स्वतःला तसं काही म्हटलं नाही. नुसती बसले, आणि दादा फार आठवले.

अप्पांचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. फोटो नाही, समाधी कुठं असेल तर तीही ठाऊक नाही. पण त्या रिकाम्या गावात ज्यांनी एकट्यानं माझ्या वडिलांची वाट बघितली, त्यांना माझा इथूनच नमस्कार.