चित्रातलं दार

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या बुडालेल्या घराचं चित्र एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आलं. चित्रात दार पश्चिमेला होतं. मार्चमध्ये आई वारली.

त्या पुरवणीत मी पुस्तकांवर लिहितो. चित्र छापून येण्याआधी माझ्याकडे परीक्षणासाठी तीन चित्रमय आत्मकथनं आली होती. क्रांती, युद्ध आणि देशत्याग यांत लहानाच्या मोठ्या झालेल्या तीन परदेशी बायकांनी स्वतःच चौकटी-चौकटींत काढलेली. मंचरच्या घरात ती टेबलावर पडलेली असत. आईला वाचता येत नव्हतं. माझ्याआधी तिने तिन्ही पाहून संपवली.

"ही पोरगी बोचकं घिऊन निघाली, पण मागं चुलीकडं बघितलंच न्हाई," ती म्हणाली.

"युद्ध होतं, आई. घाईत निघाली."

"आमाला घाई नव्हती. पाणी दमानं चढलं. आपलं बी काढा की आसं."

आंबेगाव तालुक्यातलं आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घर मला आठवत नाही. माझी मुलगी चित्रकला शिकते. तिने आठ चौकटी काढायच्या आणि त्या परीक्षणासोबत छापायच्या, असं ठरलं. आई सांगायची, मुलगी काढायची, मी पडताळायचो. एका माणसाच्या सांगण्यावर छापायचं नाही, कागद पाहायचा, ही माझी कामाची सवय. भूसंपादनाच्या पंचनाम्याची नक्कल घरात होती. त्यात दार पश्चिमेला लिहिलं होतं. आई उगवतीला म्हणत होती.

"कागदावर पश्चिम आहे."

"कागद काय तिथं राहाया व्हता व्हय? सकाळी दारात सडा टाकताना ऊन माझ्या डोळ्यांत यायचं."

"आजी म्हणते तसं काढू का?" मुलीने विचारलं. मी नाही म्हणालो.

"मे म्हैन्यात पाणी उतरलं की चल, दावते."

पाणी उतरलं की गावचे लोक धरणाच्या तळात जाऊन आपापल्या जोत्यावर नारळ फोडतात. आई दरवर्षी जायची. मी कधी गेलो नव्हतो. पुरवणी जानेवारीत निघणार होती. मी पश्चिम ठेवली.

छापलेलं पान पाहायला शेजारीण आली. "लई भारी निघालंय, मावशी. तुमचंच घर ना?"

"न्हाई," आई म्हणाली. "ह्यांच्या पेपरातलं हाय."

ते पान तिने पिठाच्या डब्याखाली अंथरलं. दाराचा विषय पुन्हा काढला नाही.

मे महिन्यात मी मुलीला घेऊन गेलो. गावच्या एका म्हाताऱ्याने आमचं जोतं दाखवलं. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. मोबाइलमधलं होकायंत्र त्यावर ठेवलं. दार पूर्वेला होतं. घरी येऊन पंचनामा पुन्हा वाचला. तो सगळ्या आळीचा होता. समोरासमोरच्या दोन्ही ओळींतल्या घरांना एकच दिशा लिहिलेली होती.

दोन ओळींची दुरुस्ती लिहून मी पाठवली. संपादकांचा फोन आला.

"तक्रार कोणाची आहे?"

"आईची."

"लेखी आहे का काही?"

"नाही."

दुरुस्ती छापून आलेली नाही.