आतोबांचं शिराळं

कल्याणच्या बाजारातून आलेल्या भाजीचा आमच्या आतोबांइतका अपमान अख्ख्या शहापूर तालुक्यात कोणी केला नसेल. आत्याने कोथिंबिरीची जुडी आणली, की तिचे यजमान, म्हणजे हे आमचे आतोबा, ती हातात घेऊन विचारत, "लांबून आलीस ना गो? दमलीस?" भातसानगरला धरणावर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आटगावजवळच्या घरामागे त्यांनी बांबू आणि प्लास्टिकचं हरितगृह उभारलं. आत्या त्याला मांडव म्हणे. आतोबा मात्र आत जाताना चपला काढत. आत मधमाश्या फिरकत नाहीत म्हणून कोंबडीचं पीस घेऊन स्वतःच या फुलावरून त्या फुलावर फिरत. उन्हाळ्यात पाहुण्यांनी आंघोळ करायची ती मांडवाशेजारच्या दगडावर, आणि साबणाशिवाय. "जन्मभर मुंबईला पाणी पाजलं. आता तुमी माझ्या वांग्यांना पाजा," असं त्यांचं म्हणणं. माझ्या साखरपुड्याच्या सकाळीही त्यांनी मला साबण दिला नाही.

पण त्यांचा खरा जीव होता एका शिराळ्याच्या वेलावर. त्यांच्या आईने राखेत जपलेलं ते बी. दर वर्षी पेरायचं, दर वर्षी नवं धरायचं. एका वैशाखातल्या वादळात मांडव उडाला, बियांचं मडकं फुटलं आणि सगळं भिजून गेलं. चार बिया वाचल्या. त्या घेऊन आतोबा मुरबाडला माझ्याकडे आले आणि माझ्या परसात लावून गेले. "तुझ्याकडं जपून राहील," एवढंच म्हणाले.

चारांतला एकच वेल जगला. त्याला पहिलं शिराळं धरलं तेव्हा त्यांनी येऊन देठाला काळी चिंधी बांधली. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला खूण बांधतात, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. मी पडलो शाळामास्तर. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल.

पुढच्या रविवारी ते जेवायला यायचे होते. त्यांना त्यांच्याच वेलाची भाजी वाढायची मला भारी हौस. मी ते कोवळं शिराळं कापलं आणि चिंधी परत वेलाला बांधून ठेवली.

आतोबा आले ते थेट परसात गेले. वेलाची पानं तेव्हाच पिवळी पडू लागली होती. त्यांनी वेलावरची चिंधी चाचपली, मग हात धुऊन पाटावर बसले.

"कशी झालीय भाजी?" मी विचारलं.

"आयच्या हातची लागतेय," ते म्हणाले आणि ताट पुढे केलं. "अजून वाढ रे. आता परत नाय मिळायची."

मी खुशीत वाढत राहिलो. वेल पंधरा दिवसांत वाळला, दुसरं फळ धरलंच नाही, आणि मी काय करून बसलो ते मला आत्याने सांगितलं. माफी मागायला गेलो तर आतोबा म्हणाले, "खाल्लंच ना आपण? टाकलं तर नाय." मांडव मात्र त्यांनी पुन्हा बांधला नाही.

आता आतोबा नाहीत. मी पाकिटातलं संकरित बी आणून शिराळी लावतो आणि पहिल्या फळाला तीच काळी चिंधी बांधतो. त्याचं बी पुढच्या वर्षी तसं उगवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते वेलावर पूर्ण वाळेपर्यंत मी कोणाला हात लावू देत नाही.