मनिरामची चौकट

दुधरामने जन्मभर मजुरी केली, पण हातातलं काम अर्धवट कधी सोडलं नाही. मनिरामच्या चौकटीवरच्या खाचाही त्याने दोन दिवस रंधा मारून साफ काढल्या होत्या.

१९९९ साली मनिरामचं गाव नव्या तलावाखाली गेलं. देवरीकडे निघताना मनिरामने घराच्या दाराची सागाची चौकट शेजारच्या गावातल्या दुधरामकडे ठेवली. त्या घरात लेकरू जन्मलं की चौकटीवर एक खाच पडायची. चौकट परत न्यायला यायला मनिरामला वर्ष लागलं. तोवर ती दुधरामच्या नव्या घराला बसली होती.

"वाळवीनं खाल्ली," दुधराम म्हणाला. मनिराम त्याच दारातून आत आला, चहा पिऊन गेला. पुढेही येत राहिला.

सात वर्षांनी दुधराम नागझिऱ्याच्या जंगलात वणवा अडवायचे पट्टे साफ करत होता. पक्षी पाहायला आलेली पोलंडची एक म्हातारी, हानिया, मजुरांजवळ सावलीत टेकली. तिने काडीने मातीत आपलं छोटं गाव काढलं. विळ्यासारखी वळलेली नदी, तिच्या पोटात चौक, चौकात विहीर, काठावर गिरणी. गाइड अतुल तिचं बोलणं समजावून सांगत गेला. राज्यं बदलली, गाव तिथंच राहिलं. निम्मी वस्ती ज्यूंची, शिंपी आणि व्यापारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपायांनी ती सगळी ज्यू माणसं नेली, कोणी परतलं नाही. मग पूर्वेकडून गाव सुटलेले लोक आले. त्यांतल्याच हानियाच्या बापाला एका ज्यू कुटुंबाचं रिकामं घर मिळालं. दाराच्या चौकटीत बोटभर तिरपी खाच होती, आधीच्या लोकांची, प्रार्थनेचा कागद ठेवायची. बापाने ती चुन्याने बुजवली. हानियाने पुन्हा कोरून मोकळी केली.

"कायले?" दुधरामने विचारलं.

अतुलने बाईला विचारून सांगितलं, "कोनी आलंच, तं त्याले आपलं घर वळखू यावं म्हनून."

दुधरामने जेवणाचा डबा तसाच बंद केला.

रविवारी त्याने चौकट उपटायला घेतली. बायको रुख्मा बघत उभी राहिली.

"मंग दाराले काय बोऱ्याचा पडदा लावू?"

"लाव."

मनिरामच्या अंगणात त्याने चौकट गाडीतून उतरवली. "वाळवी नव्हती लागली."

"माहीत हाय. सागाच्या गाभ्याले वाळवी लागते का कोठं?"

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तं तुह्या घरचा चाय बंद झाला असता."

मनिरामने चौकटीची डावी बाजू वरपासून खालपर्यंत चाचपली. बोट कुठेच अडकलं नाही.

"रंधा मात्र मस्त मारला गा."

कामाची तारीफ दुधरामला आवडायची. आज त्याची मान वर झाली नाही. त्याने खाचा पाडायला पिशवीतून पटाशी काढली.

"नावं सांग."

मनिरामने आज्यापासून सुरुवात केली. पाचव्या नावाला अडखळला आणि आत बायकोला हाक मारली.