परत फेकलेला चेंडू

बेसबॉलच्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं राहतं. पूर्वी लोक पाय मोकळे करायला उठायचे, एक गमतीचं गाणं म्हणायचे आणि खाली बसायचे. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर त्याच्या आधी देशभक्तीचं गाणं आलं. टोप्या उतरल्या, हात छातीवर गेले, आणि मला चक्क बेसबॉलचाच संशय यायला लागला. गाण्याशी माझं भांडण नाही. पण तिकडे इराकमध्ये युद्ध चालू असताना इकडे रविवारी दुपारी, एका हातात हॉट डॉग धरून लोकांना एकदम देश आठवायला लागला, की कुणीतरी आपल्याला काहीतरी विकतंय असं मला वाटतं. तरी मी उभा राहायचो. सगळ्यांच्या आधी उभा राहायचो. कारण आमचं ग्रीन कार्ड अडकलं होतं.

आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहायचो. मी मूळचा नागपूरचा, कामाच्या व्हिसावर आलेला. कागद सगळे देऊन झाले होते, फक्त नावाची तपासणी बाकी होती. ती कोण करतंय, कुठे करतंय, काय बघतंय, कुणालाच सांगता यायचं नाही. वकिलाला विचारलं की म्हणायचा, वाट बघा आणि काही वेडंवाकडं होऊ देऊ नका. वेडंवाकडं म्हणजे काय ते मात्र तो सांगायचा नाही. मग माणसानं सगळ्यालाच घाबरायचं, दुसरं काय करणार?

तसा मी जन्माचाच संशयी. होमरन, म्हणजे इथले सिक्सर, मारणाऱ्यांचे दंड एका हिवाळ्यात एवढे फुगले, तेव्हा सगळे टाळ्या पिटत होते आणि मी बायकोला म्हणत होतो, हे नुसत्या दूध-अंड्यांवर होत नाही बरं. किराणा दुकानाचं सवलतीचं कार्ड मी घेतलं नाही, आम्ही तूरडाळ किती खातो ते त्यांना कशाला कळायला हवं? सरकार म्हणालं इराककडे भयंकर शस्त्रं आहेत, मी म्हणालो दाखवा. निवडणुकीचं वर्ष होतं. मला मत नव्हतं, पण मतं भरपूर होती. आमच्या बाजूचा उमेदवारही मला फारसा पटत नव्हता, पण दगडापेक्षा वीट मऊ. हे सगळं मी घरात, खिडक्या लावून बोलायचो. मुलगी दात घासून आले म्हणाली तर ब्रश ओला आहे का, ते हात लावून बघायचो. बायको म्हणायची, "तुला ना, प्रसादाच्या शिऱ्यातही खडा सापडेल." सापडतो कधीकधी. मी काय करू?

त्या उन्हाळ्यात नागपूरहून माझे वडील आले. अण्णा. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे आले होते. येण्याआधी मी त्यांना फोनवर शिकवणी दिली. विमानतळावर विनोद करायचा नाही. पुलाचे, रेल्वे स्टेशनचे फोटो काढायचे नाहीत. आमच्या ओळखीच्या एका काकांनी पुलाचा फोटो काढला म्हणून पोलिसांनी त्यांना रस्त्याच्या कडेला ताटकळत ठेवलं होतं, ती गोष्टही सांगितली. गर्दीत मराठीत मोठ्यानं बोलायचं नाही. कुणी विचारलं तर जेवढ्यास तेवढं उत्तर. आणि वर कॅमेरे असतात, सगळीकडे असतात. अण्णा हूं हूं करत होते. शेवटी म्हणाले, "काऊन रे, तू तिथं नोकरी करतो का लपून राहतो?" मी चिडलो. म्हणालो, तुम्हाला गंमत वाटते, इथे माझ्या पोरीच्या घराचा प्रश्न आहे. त्यानंतर त्यांनी चेष्टा केली नाही.

अण्णा म्हणजे क्रिकेटचा माणूस. ऑफिसच्या टीमचे कितीतरी वर्षं विकेटकीपर. उजव्या हाताची करंगळी चेंडू लागून जी वाकडी झाली ती तशीच राहिली. बेसबॉल त्यांना मुळीच पटेना. चेंडूचा टप्पा पडत नाही, मारलेला चेंडू मागे गेला तर रन नाही, आणि आपसातच खेळून म्हणे जगज्जेते. आमची आठ वर्षांची पोर त्यांना सोफ्यावर बसवून इंग्रजीत नियम समजावायची, ते मराठीत वाद घालायचे, आणि दोघांचं छान जमायचं. तिचं एकच स्वप्न होतं. मॅचला गेल्यावर प्रेक्षकांत येणारा चेंडू पकडायचा. इथे तो चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा, घरी न्यायचा. ती प्रत्येक मॅचला हातात ग्लव्ह घालून बसायची. चेंडू कधीच आमच्या बाजूला यायचा नाही. आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, ही एक गोष्ट अण्णांना सांगायची माझ्याकडून राहून गेली.

एका रविवारी आम्ही चौघं गाडीनं फिलाडेल्फियाला मॅचला गेलो. दारावर पिशवी तपासली. बायकोनं चिवड्याचा स्टीलचा डबा आणला होता. तो उघडून, हुंगून, परत दिला. माझा जीव तिथेच अर्धा झाला. अण्णांनी मात्र पोलिसासमोर उभं राहावं तसे दोन्ही हात बाजूला धरले होते, कुणी सांगितलं नसताना.

आमच्या जागा तिसऱ्या बेसच्या, म्हणजे मैदानाच्या डाव्या कोपऱ्याच्या बाजूला, बऱ्यापैकी खाली होत्या. पोर अण्णांना टेकून बसली होती, डबा अण्णांच्या पायाशी. पाचवी-सहावी इनिंग असेल. बॅटरचा फटका चुकून बाजूला उडाला आणि चेंडू वर, वर जाऊन आमच्याच अंगावर यायला लागला. पोर ग्लव्ह उंचावून उभी राहिली. आजूबाजूची मोठी माणसं उठली, धडपडली, कुणाची बिअर सांडली. चेंडू पुढच्या पायरीवर आपटून उसळला आणि अण्णांनी बसल्या जागी, त्या वाकड्या बोटाच्या उघड्या हातांत तो झेलला.

लोक ओरडले. अनोळखी माणसांनी अण्णांची पाठ थोपटली. पोर किंचाळत होती, "आजोबा, यू गॉट इट!" आणि अण्णांनी, जन्मभर जे केलं तेच केलं. उभे राहिले, खांदा मागे घेतला, आणि चेंडू सरळ मैदानात, तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडे फेकून दिला. छातीच्या उंचीवर गेला, झकास थ्रो. खाली बसून मला हळूच म्हणाले, "नाहीतर खेळ अडला असता ना."

आमच्या नागपूरला चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोक धरून बदडतात. इथे उलटं. स्टेडियमभर हुर्यो सुरू झाली. पोरीनं ग्लव्ह घातलेला हात हळूहळू खाली आणला. ती रडली नाही, नुसती अण्णांकडे बघत राहिली. अण्णांना कळेना आपलं काय चुकलं. बायको त्यांना कानात समजावायला लागली, आणि मला दिसलं की एक सिक्युरिटी गार्ड वॉकीटॉकीवर बोलत पायऱ्या चढून आमच्याकडे येतोय.

खरं सांगतो, मला पुढचं सगळं दिसलं. सावळा म्हातारा, पाहुण्याचा व्हिसा, मैदानात वस्तू फेकली. नाव काय, कुणाकडे उतरलात, मुलाचं नाव काय. आणि ते नाव कुठेतरी एका टेबलावर आधीच तपासणीला पडलेलं. मी वकिलाचा नंबर आठवायला लागलो आणि तो आठवेना.

गार्ड आमच्या रांगेशी थांबला. चांगला उंच, चेहऱ्यावरून काही कळू न देणारा. त्यानं अण्णांना विचारलं, चेंडू तुम्ही फेकला का? अण्णा हो म्हणाले. मग त्यानं आमच्याकडे हात केला. हे लोक तुमच्याबरोबर आहेत का?

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पायाशी ठेवलेला डबा उचलून बायकोच्या बाजूला सरकवला. पोरीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. आणि उभं राहून, ऑफिसातल्या साहेबांशी बोलायच्या इंग्रजीत, स्वच्छ म्हणाले, "नो सर. आय हॅव कम अलोन. आय डोन्ट नो दीज पीपल."

मी मैदानाकडे बघत राहिलो. बायकोनं डबा मांडीवर ओढला. पोर मात्र ताडकन उठली. "ही इज माय ग्रँडफादर," ती गार्डला म्हणाली, आणि मग अण्णांकडे वळून, रडवेल्या आवाजात, मराठीत, "आजोबा, असं का म्हणता?"

गार्ड गोंधळला. त्यानं खिशातून चेंडू काढला. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूनं पाठवला होता, ग्लव्हवाल्या मुलीला द्या म्हणून. त्यानं तो तिच्या ग्लव्हमध्ये ठेवला, अण्णांना म्हणाला, थ्रो छान होता, पण पुन्हा काही फेकू नका, आणि निघून गेला. एवढंच. मी तो चेंडू घेऊन उलटासुलटा करून पाहिला. हाच तो की दुसरा? एवढ्यासाठी माणूस एवढ्या पायऱ्या चढून येतो? बायकोनं माझ्या हातून तो काढून घेतला आणि पोरीला परत दिला.

अण्णा पुन्हा बसले, पण एक खुर्ची सोडून. शेजारचा माणूस बिअर आणायला गेला होता, त्याच्या जागी. तो आला तेव्हा आणखी पलीकडे सरकले. सातव्या इनिंगला सगळे उठले. मी त्या दिवशी सगळ्यांच्या नंतर उठलो. अण्णा तिकडे ताठ उभे होते, एकही शब्द येत नसताना ओठ हलवत.

मॅच संपली. पार्किंगकडे जाताना गर्दी होती. पोर चेंडू छातीशी धरून चालत होती, पण सारखी मागे बघत होती. अण्णा आमच्या बरेच मागे होते. आम्ही थांबलो की तेही थांबायचे, इकडेतिकडे बघायचे, आपली गाडी शोधणाऱ्या माणसासारखे. पोर पळत जाऊन त्यांचा हात धरायला गेली, तर त्यांनी हात मागे घेतला. "पुढं हो, बाळा. गेटाबाहेर पडू दे." ती परत आली आणि मला टाळून बायकोच्या पलीकडून चालायला लागली.

मग मला राहवलं नाही. त्या गर्दीत, मोठ्यानं, मराठीत मी हाक मारली, "अण्णा, अहो या ना आमच्याबरोबर." दोघंचौघं वळून बघायला लागले. बघू देत म्हटलं. मी मागे चालत त्यांच्यापर्यंत गेलो आणि त्यांचा दंड धरला.

अण्णांनी आधी वर, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माझा हात हलकेच सोडवला, आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी अदबीनं म्हणाले, "थँक यू, सर. आय कॅन मॅनेज."