टाकीने वाढवलेले इलेक्ट्रॉन

“भावजी, टाकी हलणार नाही. तुमच्या इलेक्ट्रॉनांना पाणी लागत नाही, मला लागतं. दोन जिने बादल्या चढवून माझे गुडघे गेले, तेव्हा तुमचे उपग्रह काही धावून आले नव्हते. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घ्या.”

एवढी चिठ्ठी टेबलावर आपटून वहिनी बाजारात निघून गेल्या. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. निवृत्त प्राध्यापक, बिनलग्नाचे, वरच्या खोलीत राहणारे. गल्लीत त्यांना ‘अँटेना’ म्हणत, कारण गच्चीवर त्यांची ताटलीएवढी अँटेना होती आणि तिच्यावर कावळा बसला तरी ते अनवाणी धावत.

काम मात्र खरं होतं. उपग्रह एकाच वेळी दोन वेगवेगळ्या रेडिओलहरी सोडतो. खूप वर, जिथे हवा नावापुरती उरते, तिथे उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या गर्दीतून येताना एका लहरीला दुसरीपेक्षा जास्त उशीर होतो. त्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते काढायचं. अशा शेकडो गच्च्यांचे आकडे जोडून नकाशाचं कार्यालय त्या थराचा नकाशा करी. त्यात एक ठिपका भावजींचा. जन्मभर शिकवलं, लिहिलं, पण नाव कशालाच लागलं नाही. उरला तो ठिपका.

आणि मग उंचवटा सापडला! आलेखात रोज एकदा इलेक्ट्रॉन एकदम वाढायचे आणि ओसरायचे. आधी भर दुपारी, मग रोज चार-चार मिनिटांनी सकाळकडे सरकत. शेजारच्या कुठल्याही ठिपक्यावर नाही, फक्त इथे. भावजी हरखले. शोधनिबंध लिहायला घेतला. शीर्षकात स्वतःचं आडनाव घातलं, खोडलं, पुन्हा घातलं. मान कायम वर असल्यामुळे एक गोष्ट तेवढी राहून गेली: उंचवटा आला तो वहिनींनी अँटेनाशेजारी स्टीलची नवी टाकी बसवली त्याच आठवड्यात.

नकाशा जुळवणारी बाई त्यांचीच विद्यार्थिनी. तिचा फोन आला.

“सर, तुमच्याकडे सूर्य रोज चार मिनिटं लवकर उगवतो का हो?”

भावजींनी आलेख पुढे ओढला.

“उपग्रह मात्र त्याच जागी रोज चार मिनिटं आधी येतात. तुम्हीच शिकवलंत. हे वरचं नाही सर, जवळच कशावर तरी लहर आपटतेय. गच्चीवर नवीन काय बसवलंय?”

“बघतो.”

“बघा हं. नाहीतर तुमचा ठिपका काढून टाकावा लागेल.”

त्यांनी वहिनींना टाकी हलवायला सांगितलं. उत्तर म्हणून ती चिठ्ठी आली.

पण वहिनी बाजारातून परतल्या त्या निवळून. पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, “टाकी हलवली तर ठिपका राहील ना?”

“राहील.”

“मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“उंचवटा जाईल.”

“आणि नाही हलवली तर?”

“तर तो टाकीचाच होता, असं कुणाला सिद्ध करता येणार नाही.”

“अहो, असले निबंध छापतात का?”

“नाही छापत.”

“धन्य आहे तुमची!” वहिनींनी कपाळाला हात लावला. “बरं, टाकी पलीकडच्या कोपऱ्यात नेऊ. प्लंबरला कोण सांगतंय?”

“मी सांगतो.”

“तुम्ही विसराल. मीच जाते.”

“तुमचे गुडघे...”

“मग जा तुम्हीच.”

टाकी जागची हलली नाही. ठिपका नकाशातून काढून टाकला गेला. त्यांच्या गावावरचं आकाश आता शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने रंगवतात. “साफ चूक आहे हे,” भावजी रोज नकाशा उघडून म्हणतात. “मग! चूकच आहे,” वहिनी म्हणतात.

प्लंबरचं दुकान किराणावाल्याला लागूनच आहे. भावजी तिथून रोज फिरायला जातात. वहिनी तर प्लंबरच्याच पायरीवर टेकून दम खातात.

“काय काकू, काही काम होतं?” तो विचारतो.

“छे रे,” वहिनी म्हणतात. “जरा टेकले.”